न आलेल्यांचा रकाना

अडावदच्या शिवारात, ऑक्टोबरात,
कामगंध सापळा काठीला बांधलेला,
कपाशीच्या वीतभर वर.
आत रबराचा तुकडा, त्याला मादीचा वास.
मादी नाही.
सकाळी वेरसिंग पिशवी सोडून नर मोजतो,
मी वहीत लिहिते: चौदा. काल नऊ. परवा अकरा.
सलग तीन रात्री आठच्या वर
म्हणजे फवारा, असा नियम आहे.

बांधावरून तोतारामबापू म्हणतात,
"अळी हुशार व्हई गई, ताई.
पहिले मरे. आते शिकी गई."
मी मान हलवते. खरं तर नाही म्हणायचं असतं.
कोणी शिकलं नाही, बापू.
चाखून मेल्या त्यांना कुठली शाळा?
लाखात एखादी आधीपासूनच तशी होती,
जन्मतःच जरा वाकडी;
जहर तिच्या आतड्यात शिरून अंधारात कडी चाचपायचं
आणि कडीच नसायची.
आपण कोण, हे तिला माहीत नव्हतं.
बाकीच्या सगळ्या मारून
आपणच तिला कळवलं.

बियाण्याच्या प्रत्येक पिशवीबरोबर
एक छोटं पाकीट यायचं, एकशेवीस ग्रॅम,
बिनजहराची सरकी.
कडेनं पाच ओळी लावा, असं छापलेलं, मुंगीच्या अक्षरात.
साध्या अळ्यांना चरायला.
म्हणजे वाकडीला साधा जोडीदार मिळेल,
पोरं साधी निपजतील, मरतील.
किडीसाठी जागा सोडायची? लोक हसले.
पाकीट उकिरड्यावर.
माहेरच्या शेतात मीही हसले होते,
नोकरी लागायच्या आधी.

मग फरदड.
डिसेंबरात उपटायचं ते मार्चपर्यंत उभं,
विहिरीला पाणी आहे, भाव आहे, राहू दे.
धरणगावच्या जिनिंगात सरकीचे डोंगर,
त्यात दोन सरक्या जोडून मधे ती झोपलेली.
घर आपलं, अन्न आपलं, परीक्षाही आपलीच,
वर्षानुवर्षं एकच प्रश्न.
त्याचं उत्तर किती दिवस चुकेल कोणी?
(बघा, मीही शिकण्याचीच भाषा बोलते.)

वेरसिंग वैजापूरकडचा, सातपुड्यातला.
त्याच्या पाकिटात सिकलसेलचं पिवळं कार्ड.
बहिणीचं लाल होतं.
त्या डोंगरात हिवताप पिढ्यानपिढ्या माणसं निवडत बसला;
अर्धं वाकडं रक्त त्याला पचत नसे,
म्हणून ते टिकलं.
आणि दोन अर्धी एका झोळीत आली की
त्याची किंमत लेकरू मोजतं.
यात कुणाचा हेतू नव्हता. हिवतापाला बहीण माहीत नव्हती.
हे मी त्याला एकदा वहीच्या मागच्या पानावर
चार चौकोन काढून समजावलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मॅडम, चौथा चौकोन कोण भरतं?"
मी पेनाला टोपण लावलं.

आज पिशवीत सहाच.
बापू खूश. जाता जाता एक डोमकळी तोडून
नखानं पाकळ्या उकलतात,
आत गुलाबी ठिपका वळवळतो.
वेरसिंग विचारतो, "कमी झाले,
का वास ओळखायला लागले?"
ओळखत नाहीत रे. पण असेल एखादा,
ज्याला हा वास मुळातच मादीचा वाटला नाही,
जो रात्री सापळ्याला वळसा घालून
खऱ्या पानाआड गेला.
आपण जितके जास्त सापळे लावू
तितकी त्याची पोरं जास्त.

वहीत रकाने आहेत:
तारीख, गाव, सापळा क्रमांक, आलेले नर.
न आलेल्यांचा रकाना नाही.
मी सहा लिहिते.
वेरसिंग काठी उपटतो,
आणि न विचारता
चार पावलं डावीकडे रोवतो.